मुष्टियोद्धा जेम्स ब्रॅडॉक

मल्लविद्या आपल्याकडे गावोगाव परिचयाची आहे. मुष्टियुद्धाचा खेळ मात्र आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी प्रत्यक्ष पाहिलेला नसेल. कुस्तीत पाठ मातीला लागली की निकाल लागला. मुष्टियुद्धात तसे नाही. तेथे ठोसा लागून खाली पडलेल्यास दहा अंक मोजून होईपर्यंत उठण्याची मुभा असते, आणि तेवढ्या अवधीत तो उठला नाही तरच त्याची हार ठरते. तीन तीन मिनिटांच्या ठरावीक फेऱ्या होऊनही दोघे उभेच राहिले, तर कोणाच्या पदरी किती फेऱ्या पडल्या याचा हिशेब करून पंच निकाल देत असत. दहा अंकांच्या त्या अवधीत माणसाच्या अंगच्या कसबाचा उपयोग फारसा नसतो. उठावयाचे की पडून राहावयाचे, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे असतो. ज्याने जन्मभर या प्रश्नाचे एकच उत्तर दिले, अशा एका अमेरिकन मुष्टियोद्ध्याचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे. तो जगज्जेता झाला खरा. परंतु जगज्जेत्यांच्या मालिकेत त्याचे नाव बहुधा शेवटच्या रांगेत घेतले जाते, आणि तेही काहीशा कौतुकाने, काहीशा उपेक्षेने.

जेम्स वॉल्टर ब्रॅडॉक याचा जन्म ७ जून १९०५ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. मातापिता आयरिश वंशाचे, इंग्लंडातून अमेरिकेत आलेले. पश्चिम बाजूच्या ज्या गरीब वस्तीत तो जन्मला, तिला तेथील लोकांनी 'नरकाची चूल' अशा अर्थाचे नाव दिले होते. एवढ्यावरून तेथील राहणीची कल्पना यावी. पुढे कुटुंब हडसन नदी ओलांडून न्यू जर्सीत राहावयास गेले. घरात भावंडे बरीच, मिळकत तुटपुंजी. तेव्हा शिक्षण लवकरच सुटले आणि मुलगा मिळेल ते काम करू लागला. त्याचा थोरला भाऊ मुष्टियुद्ध खेळत असे. त्याच्या पाठोपाठ हाही आखाड्यात उतरला आणि हौशी खेळाडूंमध्ये त्याने न्यू जर्सी राज्याचे लाइट हेवीवेट व हेवीवेट या दोन्ही गटांतील अजिंक्यपद मिळविले. १९२६ साली तो धंदेवाईक झाला. त्या वेळी त्याने आपल्या नावात फेरफार केला आणि तो जेम्स जे. ब्रॅडॉक म्हणवून घेऊ लागला. जेम्स जे. कॉर्बेट आणि जेम्स जे. जेफ्रीस हे दोघे पूर्वीचे जगज्जेते. त्यांच्या नावातील ते एक अक्षर आपल्याही नावात असावे, ही त्या तरुणाची हौस!

जो गूल्ड नावाचा ठेंगणा, बोलका आणि खटपट्या गृहस्थ त्याचा व्यवस्थापक झाला. ही जोडी पुढे सुखदुःखात कायम राहिली. मुष्टियुद्धाच्या व्यवसायात खेळाडू हरू लागला की व्यवस्थापक त्यास टाकून दुसरा घोडा शोधतो, हा सर्वसाधारण रिवाज होता. गूल्डने तसे केले नाही, ही गोष्ट नमूद करून ठेवण्यासारखी आहे.

ब्रॅडॉक सहा फुटांहून उंच व काटक होता. उजव्या हाताच्या ठोशात जोर होता. पण पायांत चपळता नव्हती. समोरच्याचा ठोसा चुकविण्याची नजाकत त्याच्यापाशी नव्हती. डावा हात तर सुरुवातीस नावालाच होता. शिवाय हातांची हाडे ठिसूळ. ज्या उजव्या हातावर सारी भिस्त, तोच वारंवार मोडे. तथापि पहिल्या दोन-अडीच वर्षांत त्याने चांगले नाव मिळविले. १९२८ साली पीट लॅट्झो या नामवंताचा जबडा त्याच्या ठोशाने मोडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये टफी ग्रिफिथ्स याच्याशी त्याची गाठ पडली. ग्रिफिथ्स पश्चिमेकडून विजयामागून विजय मिळवीत आला होता आणि ब्रॅडॉक म्हणजे त्याच्या वाटेवरील एक पायरी, असे सर्वांस वाटत होते. ब्रॅडॉकने त्यास दुसऱ्याच फेरीत संपविले.

या यशाच्या जोरावर १८ जुलै १९२९ रोजी यांकी स्टेडियममध्ये त्यास लाइट हेवीवेट गटाच्या जगज्जेत्याशी लढण्याची संधी मिळाली. जगज्जेता होता टॉमी लॉफ्रन, म्हणजे मुष्टियुद्धातील कलावंतच. त्याचे ठोसे बेताचे, पण त्यास ठोसा लागणे महाकठीण. पंधरा फेऱ्या ब्रॅडॉक त्याच्या मागे धावला आणि पंधरा फेऱ्या लॉफ्रन त्याच्या हाती लागला नाही. अंगी कौशल्य नसेल तर केवळ जोराचा काय उपयोग, याचा तो जाहीर धडा होता. निकाल लॉफ्रनच्या बाजूने लागला आणि ब्रॅडॉकच्या मनाने त्या पराभवाचा मोठा घाव घेतला.

तीन महिन्यांनी, ऑक्टोबर १९२९ मध्ये, न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. पुढल्या मंदीच्या वर्षांत कोट्यवधी अमेरिकन लोकांचे जे झाले, तेच ब्रॅडॉकचेही झाले. साठविलेला पैसा बुडाला. १९३० साली त्याने मे फॉक्स या तरुणीशी विवाह केला होता. पाठोपाठ तीन लेकरे झाली. पोटासाठी त्यास जेथे मिळेल तेथे, जेवढ्या पैशांत मिळेल तेवढ्यात, मोडक्या हातांनी लढावे लागे. एक हाड पुरते जुळण्यापूर्वी दुसरी लढत. लॉफ्रननंतरच्या सुमारे तेहतीस लढतींपैकी वीसच्या आसपास तो हरला. मोठ्या शहरांतून लहान गावांत, मुख्य लढतीवरून किरकोळ लढतीत, अशी त्याची उतरण चालली होती. सप्टेंबर १९३३ मध्ये एब फेल्डमनशी झालेल्या लढतीत त्याचा उजवा हात पुन्हा मोडला. खेळ इतका रटाळ झाला की पंचांनी तो मध्येच थांबविला आणि मोबदलाही अडकून पडला. अठ्ठाविसाव्या वर्षी ब्रॅडॉकची कारकीर्द संपली, याविषयी कोणासच शंका उरली नव्हती.

येथून पुढचा काही महिन्यांचा काळ हा माझ्या मते या चरित्राचा गाभा होय. तो मुष्टियुद्धाच्या रिंगणात घडलेला नसल्यामुळे क्रीडालेखक त्यावरून भरभर पुढे जातात.

ब्रॅडॉक हडसन नदीच्या काठच्या गोद्यांवर हमालीस जाऊ लागला. त्या काळी गोदीत काम रोजच्या रोज मिळे. सकाळी माणसे फाटकाशी गोळा होत, मुकादम हवी तेवढी निवडून घेई, आणि उरलेली परत जात. गाडीभाड्यास पैसे नसत, म्हणून घरापासून गोदीपर्यंत आणि एका गोदीतून दुसरीपर्यंत तो पायी जाई. काम न मिळाल्यास तसाच पायी परत येई. घरात दूधवाल्याचे देणे थकले, विजेचे देणे थकले, भाडे थकले. हिवाळ्यात लेकरांना काही काळ नातलगांकडे ठेवावे लागले. अखेर ज्या गोष्टीची त्यास सर्वांत अधिक लाज वाटत होती, ती त्याने केली. त्याने सरकारी मदतीसाठी अर्ज केला. महिन्याला चोवीस डॉलरच्या आसपास रक्कम त्यास मिळू लागली. ज्याचे नाव कधीकाळी मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या फलकावर झळकले होते, तो माणूस मदतीच्या रांगेत उभा राहिला. कुटुंबासाठी लाज गिळणे हेही एक सामर्थ्यच आहे. मात्र त्याची मोजदाद कोणत्याही खेळाच्या नोंदवहीत होत नाही.

गोदीतील या हमालीत एक विलक्षण गोष्ट घडून आली. मुंबईच्या गोदीत गोणी उचलण्यासाठी हमालांच्या हाती जसा लोखंडी आकडा असे, तसाच तेथेही असे. उजवा हात मोडलेला, म्हणून ब्रॅडॉक डाव्या हाताने आकडा चालवू लागला. दिवसच्या दिवस गाठोडी व लाकूड ओढता ओढता त्याचा दुबळा डावा हात कणखर झाला आणि उजव्यास विसावा मिळून तोही बरा झाला. कोणत्याही वस्तादाने त्यास जे शिकविले नव्हते, ते दारिद्र्याने शिकविले. पुढे त्याच्याशी लढलेल्यांस पूर्वीचा एकहाती ब्रॅडॉक भेटला नाही, याचे रहस्य बव्हंशी येथे आहे.

जून १९३४ मध्ये लाँग आयलंड सिटीच्या उघड्या मैदानात प्रिमो कार्नेरा व मॅक्स बेअर यांच्यात जगज्जेतेपदाची लढत ठरली होती. तिच्या आधीच्या एका लढतीसाठी कॉर्न ग्रिफिन या होतकरू खेळाडूस प्रतिस्पर्धी हवा होता. लोकांस नाव ठाऊक असलेला, पण ग्रिफिनच्या हातून खात्रीने पडेल असा माणूस! गूल्डने खटपट करून ती जागा ब्रॅडॉकला मिळवून दिली. मोबदला अडीचशे डॉलर, तयारीस अवधी अवघा दोन दिवसांचा. १४ जूनच्या त्या संध्याकाळी ग्रिफिनने दुसऱ्या फेरीत ब्रॅडॉकला खाली पाडले. तो उठला. तिसऱ्या फेरीत ग्रिफिनच पराभूत झाला. त्याच रात्री थोड्या वेळाने बेअरने अजस्र कार्नेराला अकरा वेळा जमिनीवर लोळवून जगज्जेतेपद घेतले. ज्याचे पद आपल्याला एका वर्षाने मिळावयाचे आहे, त्याचा राज्याभिषेक ब्रॅडॉकच्या समक्ष झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

या विजयानंतरही दिवस एकदम पालटले नाहीत. पुढची लढत पाच महिन्यांनी मिळाली. नोव्हेंबर १९३४ मध्ये जॉन हेन्री लुईस या गुणी तरुणाशी त्याची गाठ घालण्यात आली. लुईसने त्यास पूर्वी हरविले होते, आणि पुढे १९३५ च्या उत्तरार्धात तो लाइट हेवीवेटचा जगज्जेताही झाला. ब्रॅडॉकने त्यास दहा फेऱ्यांत मागे टाकले. मार्च १९३५ मध्ये आर्ट लॅस्की या धिप्पाड गड्यास त्याने पंधरा फेऱ्यांत नमविले. दोन्ही वेळा जाणत्यांची पैज प्रतिस्पर्ध्यावर होती. हाती पैसा येताच ब्रॅडॉकने जे केले, त्याची वार्ता अमेरिकेत घरोघर पोहोचली. सरकारकडून घेतलेली मदतीची सारी रक्कम त्याने परत नेऊन भरली. कायद्याने ती परत मागता येत नव्हती आणि कोणी मागितलीही नव्हती. ज्या काळात लक्षावधी कुटुंबे अशाच मदतीवर जगत होती, त्या काळात या एका कृत्याने तो त्यांचा माणूस झाला.

मग आला १३ जून १९३५ चा दिवस. मैदान तेच, लाँग आयलंड सिटीचे. या मैदानाविषयी एक चमत्कारिक गोष्ट अशी की, १९३२ पासून प्रतिवर्षी तेथे हेवीवेटच्या जगज्जेत्याने आपले पद गमावले होते. श्मेलिंगने शार्कीपाशी, शार्कीने कार्नेरापाशी, कार्नेराने बेअरपाशी. तरीही या खेपेस कोणी तसे भाकीत केले नाही. बेअर वयाने लहान, वजनाने भारी. त्याचा उजवा ठोसा त्या काळी सर्वांत भयंकर मानला जाई. १९३० साली त्याच्याशी लढताना फ्रँकी कॅम्बेल या मुष्टियोद्ध्याचा अंत झाला होता. (त्या मृत्यूचा बेअरच्या मनावर खोल आघात झाला होता. पुढे एका चित्रपटात त्यास निर्दय दाखविले आहे, ते त्याच्यावर अन्यायकारक होय.) पैजा दहास एक अशा होत्या. ब्रॅडॉकच्या जिवाचे बरेवाईट होईल, अशी भीती पुष्कळांनी बोलून दाखविली होती.

लढत डोळे दिपविणारी झाली नाही, हे कबूल केले पाहिजे. ब्रॅडॉक पुढे येई, डाव्या हाताचा सरळ ठोसा लगावी, पुन्हा पुढे येई. बेअर अधूनमधून थट्टामस्करी करी, प्रेक्षकांकडे पाहून चाळे करी. मध्येच त्यास आपले काम आठवे, मग तो जबर ठोसे हाणी. ते ठोसे ब्रॅडॉकला लागले. परंतु तो पडला नाही. जसजशा फेऱ्या सरल्या, तसतशी बेअरची मस्करी कमी झाली. पंधराव्या फेरीअखेर पंचांनी एकमताने ब्रॅडॉकला विजयी ठरविले. मदतीच्या रांगेतून उठलेला, वीसांहून अधिक पराभव पदरी असलेला तीस वर्षांचा माणूस जगज्जेता झाला!

बेअर गाफील राहिला म्हणून ब्रॅडॉक जिंकला, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जात आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. पण बेअर गाफील राहू शकला, कारण समोरचा माणूस आपल्या एका ठोशात आटोपेल असा त्याचा समज होता; आणि तो समज खोटा ठरविण्याचे काम ब्रॅडॉकने पंधरा फेऱ्या अंगावर मार झेलून केले. डेमन रनियन या प्रसिद्ध वृत्तपत्रलेखकाने ब्रॅडॉकला परीकथेतील सिंड्रेलाची उपमा दिली, आणि तेच नाव त्यास जन्मभर चिकटले. उपमा मोठी लोकप्रिय झाली. माझ्या अल्पमतीप्रमाणे तिनेच त्याचे सर्वांत अधिक नुकसान केले. सिंड्रेलाला कोणी एक परी भेटली आणि तिच्या कांडीने भोपळ्याचा रथ झाला. ब्रॅडॉकला परी भेटली नाही. त्याला भेटला गोदीचा मुकादम.

जगज्जेतेपद हाती आल्यावर दोन वर्षे तो पदासाठी लढला नाही. हाताचे दुखणे होते, व्यवहाराचीही गणिते होती. खरे पाहता पहिला हक्क जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगचा होता. १९३६ साली त्याने जो लुई या अजिंक्य समजल्या जाणाऱ्या कृष्णवर्णी तरुणास हरविले होते. परंतु हिटलरच्या जर्मनीतील खेळाडूच्या लढतीवर बहिष्कार घालण्याची भाषा अमेरिकेत सुरू झाली होती आणि पद जर्मनीत गेल्यास ते परत येईल की नाही, ही शंका होती. गूल्डने श्मेलिंगला बाजूस सारून लुईशी करार केला. त्यात एक कलम असे होते की, लुईच्या जगज्जेतेपदाच्या लढतींतून आयोजकास जो नफा होईल, त्याचा दहावा हिस्सा पुढली दहा वर्षे ब्रॅडॉकच्या बाजूस मिळावा. याचा सरळ अर्थ असा की, पराभव गृहीत धरूनच हा सौदा झाला होता. श्मेलिंगवर अन्याय झाला, हे नाकारता येणार नाही. पण याच सौद्याची दुसरी बाजू अशी की, १९१५ साली जॅक जॉन्सनने पद गमावल्यापासून एकाही कृष्णवर्णी मुष्टियोद्ध्यास हेवीवेटच्या जगज्जेतेपदासाठी लढू देण्यात आले नव्हते. ते बंद दार या लढतीने उघडले. हेतू पैशाचा असो, दार उघडले हे खरे.

सौदा करून पराभव गृहीत धरला, म्हणून तो रिंगणात पराभूतासारखा गेला असे मात्र नाही. २२ जून १९३७ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये पहिल्याच फेरीत ब्रॅडॉकने लुईला खाली पाडले. लुई तत्काळ उठला. त्यानंतर तेवीस वर्षांच्या त्या अद्वितीय योद्ध्याने बत्तीस वर्षांच्या ब्रॅडॉकवर जो मारा केला, तो पाहवत नव्हता असे सांगतात. ओठ फाटला, चेहरा रक्ताने माखला. सातव्या फेरीनंतर गूल्डने लढत थांबविण्याचे म्हटले, तेव्हा ब्रॅडॉकने त्यास साफ मना केले. पद जावयाचे तर ते रिंगणातच जावे, खुर्चीवर बसून नव्हे, हा त्याचा निश्चय होता. आठव्या फेरीत लुईचा उजवा ठोसा बसला आणि ब्रॅडॉक तोंडघशी पडला. साऱ्या कारकिर्दीत दहा अंक मोजून होईपर्यंत तो पडून राहिला, असे हे एकदाच घडले. आपण ज्यांच्याशी लढलो त्यांत ब्रॅडॉक हा सर्वांत धैर्यवान, असे लुई पुढे सांगत असे. आणि लुई जवळजवळ बारा वर्षे जगज्जेता राहिला व पंचवीस वेळा त्याने आपले पद राखले, हे लक्षात घेता या प्रशस्तिपत्राची किंमत कळेल.

पराभवाने शेवट करणे ब्रॅडॉकला रुचले नाही. जानेवारी १९३८ मध्ये वेल्सचा टॉमी फार याच्याशी तो आणखी एकदा लढला. फार तरुण होता आणि पाचच महिन्यांपूर्वी लुईसमोर पूर्ण पंधरा फेऱ्या टिकला होता. शेवटच्या फेऱ्यांत जोर करून ब्रॅडॉकने ही लढत जिंकली. त्यानंतर त्याने हातमोजे कायमचे उतरविले.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, तो सैन्यात दाखल झाला. लेफ्टनंटच्या हुद्द्यावर त्याने काम केले आणि पॅसिफिकमधील सैपान बेटावरही तो होता. युद्ध संपल्यावर जहाजांच्या जुन्या सामानसुमानाचा धंदा केला. पुढे न्यूयॉर्क बंदराच्या मुखावर व्हेराझानो-नॅरोज हा प्रचंड पूल बांधला जाऊ लागला, तेव्हा माजी जगज्जेता यंत्रे चालविणाऱ्या कामगारांत होता. पूल १९६४ साली खुला झाला. ब्रॅडॉकचे वय त्या वेळी साठीच्या घरात होते. हमालीची लाज त्यास तरुणपणी वाटली नव्हती, ती म्हातारपणी कोठून वाटणार?

जगज्जेतेपदाच्या पैशातून त्याने न्यू जर्सीतील नॉर्थ बर्गन येथे एक घर घेतले होते. अनेक नामांकित मुष्टियोद्ध्यांचे वैभव त्यांच्या डोळ्यांदेखत लयास गेले. ब्रॅडॉकचे हे घर मात्र अखेरपर्यंत त्याच्याकडेच राहिले. मे हिच्यासमवेत त्याने तेथे संसार केला, मुले वाढविली आणि तेथेच २९ नोव्हेंबर १९७४ रोजी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्याचे देहावसान झाले. २००१ साली मुष्टियुद्धाच्या आंतरराष्ट्रीय कीर्तिमंदिरात त्याचा समावेश करण्यात आला, आणि २००५ साली त्याच्या जीवनावर चित्रपट निघाला. नॉर्थ बर्गनमधील मोठ्या सार्वजनिक उद्यानास त्याचे नाव देण्यात आले असून तेथे २०१८ साली त्याचा पुतळा बसविण्यात आला.